घरी मस्त वाजणारा कीबोर्ड कार्यक्रमात दबतो किंवा फाटतो : छोटा अ‍ॅम्प बदलण्याआधी हे तपासा

एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. घरी हेडफोनवर पियानो एकदम भरदार, सरावालाही ठीक, आणि पन्नास-साठ माणसांसमोर ड्रम सुरू झाले की दुसऱ्याच गाण्यात कीबोर्ड कुठे गेला ते कळत नाही. मग व्हॉल्यूम वाढवायचा, वाढवला की स्पीकर फाटतो, कमी केला की परत गायब. आणि जवळपास प्रत्येक जण एकाच निष्कर्षावर येतो की अ‍ॅम्प लहान पडतोय, मोठा घ्यायला हवा. मीही तेच केलं होतं. आठ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प विकून बारा इंची घेतला, तो जिन्यावरून चढव-उतरव करून पाठ धरली, आणि पियानो होता तसाच पोकळ. कारण दोष अ‍ॅम्पमध्ये नव्हताच, तो कीबोर्ड आणि अ‍ॅम्पच्या मधल्या वायरमध्ये होता. ते सापडायला मला चार महिने लागले.

तर आधी एक काम करा, "आवाज बरोबर येत नाही" एवढ्यावर थांबू नका, नेमकं काय बिघडतंय ते कान देऊन ओळखा. आवाज फाटतोय, की पातळ पोकळ येतोय, की कोंदट गोळा होतोय, की मागून सारखी गुणगुण येतेय? या चार वेगळ्या तक्रारी आहेत, चारींचे उपाय वेगळे आहेत, आणि मोठा अ‍ॅम्प हा यातल्या फक्त एका तक्रारीवरचा उपाय आहे, तोही नेहमी नाही.

पोकळ आवाजापासून सुरू करतो कारण यात लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. आजच्या बहुतेक कीबोर्डमधला पियानो स्टिरिओमध्ये रेकॉर्ड केलेला असतो, म्हणजे खऱ्या पियानोसमोर दोन माइक थोड्या अंतरावर लावून. हेडफोनवर डावा माइक डाव्या कानात, उजवा उजव्या कानात, म्हणून ते इतकं छान पसरलेलं वाटतं. पण तुमच्या छोट्या अ‍ॅम्पला स्पीकर एकच आहे ना, तिथे दोन्ही चॅनल एकत्र मिसळतात. आता समजा एखादा सूर एका माइकपर्यंत दुसऱ्यापेक्षा एक मिलिसेकंद उशिरा पोचलाय, म्हणजे साधारण ३४ सेंटीमीटर जास्त अंतर कापून, तर मिसळताना ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना खाऊन टाकतो, मग १५००, मग २५०० असं वरपर्यंत. मधल्या सा च्या वरचं सप्तक, जिथे पियानोचा जीव असतो, तिथेच भोकं पडतात. त्या भोकांवर वॉट वाढवून काही होत नाही, पोकळ आवाज फक्त मोठा होतो.

तपासायचं कसं? कीबोर्डच्या मागे एल/मोनो (एल म्हणजे डावा, मोनो म्हणजे दोन्ही मिळून एकच चॅनल) लिहिलेलं भोक असतं तिथे फक्त एकच वायर लावा, उजव्या भोकात काही नको. कीबोर्ड आतल्या आत दोन्ही चॅनल एकत्र करतो. काही कीबोर्डना हे नीट जमतं, काहींमध्ये तरीही पोकळपणा राहतो. राहिला तर पुढची युक्ती करा, उजव्या आउटपुटमध्ये एक रिकामी वायर घालून ठेवा, तिचं दुसरं टोक कुठेही जोडायचं नाही. आता कीबोर्डला वाटतं की दोन्ही बाजू जोडल्यात, म्हणून तो डावीकडून फक्त डावा माइक पाठवतो, मिसळ होत नाही आणि भोकं जातात. वरचे किंवा खालचे सूर किंचित मंद येतील, पण अंग परत येतं. उजव्या चॅनलवरही ऐकून बघा, कधी तो जास्त बरा असतो. आणि आवाजांच्या यादीत मोनो पियानो नावाचा पॅच (कीबोर्डमधला तयार आवाज) शोधा, बऱ्याच स्टेज कीबोर्डमध्ये तो मुद्दाम याच कामासाठी दिलेला असतो आणि लोक "मोनो म्हणजे हलका" समजून कधी उघडूनही बघत नाहीत. घरी हेडफोनवर तो कंटाळवाणा वाटतो हे खरंय. एका स्पीकरवर ड्रमसोबत मात्र तोच उठून येतो.

माझा स्वतःचा दोष याच्याही एक पायरी अलीकडे होता आणि तो फार लोकांकडे असतो. मी हेडफोनच्या भोकातून सिग्नल काढत होतो. हेडफोनच्या पिनवर तीन भाग असतात, टोक म्हणजे डावा, मधलं कडं म्हणजे उजवा, आणि मुळाशी ग्राउंड. अ‍ॅम्पचा किंवा पॉवर्ड स्पीकरचा (ज्यात अ‍ॅम्प आतच असतो) इनपुट बॅलन्स्ड असेल तर त्यालाही तशीच तीन भागांची पिन लागते, पण तो कडं वेगळ्या अर्थाने वाचतो, टोकातून कडं वजा करतो. झालं, उजवा चॅनल डाव्यातून वजा. जे दोन्हीकडे सारखं आहे ते सगळं नाहीसं होतं, उरतो फक्त दोन माइकमधला फरक आणि थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. मोनो पॅच लावला तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, आणि मी दर वेळी तो पॅच खराब आहे असं समजून बदलत होतो. वायर दिसायला एकदम बरोबर, दोन्ही टोकांना तीन भागांची पिन, घट्ट बसते, म्हणून शंकाच येत नाही. कीबोर्डला वेगळे लाइन आउट असतील तर तेच वापरा, हेडफोनचं भोक हेडफोनसाठी ठेवा. फक्त हेडफोनचंच भोक असेल तर एका बाजूला स्टिरिओ पिन आणि दुसरीकडे दोन वेगळ्या मोनो पिना अशी वायर घ्या आणि त्या दोन पिना अ‍ॅम्पच्या दोन वेगळ्या चॅनलमध्ये घाला. उलटं करू नका, म्हणजे दोन आउटपुट एका साध्या वाय वायरने एकत्र बांधून एका इनपुटमध्ये घालू नका, त्यात दोन्ही आउटपुट एकमेकांवर भार टाकतात.

कोरस (आवाज जाडसर, लहरता करणारा इफेक्ट) आणि फिरत्या स्पीकरचे इफेक्टही मोनोत बदलतात. काही स्टिरिओ कोरसमध्ये इफेक्टचा भाग एका बाजूला सुलटा आणि दुसऱ्या बाजूला उलटा असतो, दोन्ही मिसळले की कोरस चक्क गायब होतो आणि कोरडा आवाज उरतो. ऑर्गनवाल्यांनी हे आधीच तपासून ठेवावं.

आता फाटणं. इथे आधी विचारायचं की फाटतंय कुठे. कीबोर्डमध्ये, अ‍ॅम्पच्या इनपुटला, की स्पीकरमध्ये? कीबोर्डला हेडफोन लावा, त्याच व्हॉल्यूमला, त्याच पॅचवर, दोन्ही हातांनी जोरात वाजवा. तिथेही फाटत असेल तर अ‍ॅम्पचा काही संबंध नाही, पॅचचा लेव्हल किंवा आतला ईक्यू (बास-ट्रेबल कमीजास्त करायची सोय) जास्त झालाय. तिथे स्वच्छ असेल तर अ‍ॅम्पचा मास्टर (एकूण आवाजाची कळ) अगदी खाली घ्या आणि चॅनलचा गेन (आत येणारा सिग्नल वाढवायची कळ) आहे तसा ठेवा. कमी आवाजातही खरखर राहिली तर इनपुट ओव्हरलोड होतोय, गेन खाली आणा. मास्टर कमी केल्यावर स्वच्छ झालं तर मग खरंच पॉवर अ‍ॅम्प किंवा स्पीकर दमतोय. एवढी पाच मिनिटांची तपासणी आहे, पण ती केल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

लेव्हलचा साधा क्रम असा की कीबोर्डचा व्हॉल्यूम पाऊण ठेवायचा, सगळ्यात जोरकस पॅच लावायचा (बहुतेक वेळा ऑर्गन किंवा सिंथ लीड), क्लिपचा (सिग्नल फाटू लागल्याचा) लाल दिवा लागेपर्यंत गेन वाढवायचा आणि तिथून थोडा मागे यायचा, बाकी सगळं मास्टरवर. बरेच जण कीबोर्ड पाव ठेवतात आणि अ‍ॅम्प पूर्ण उघडतात, त्यात सूं आवाज वाढतो आणि मजाही येत नाही.

समजा खरंच अ‍ॅम्प दमतोय. मग वॉटचा हिशेब समजून घ्या, कारण जाहिरातीत इथेच गोंधळ होतो. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, म्हणजे ऐकताना थोडासाच. कानाला साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. ५० वॉटवरून १०० वर गेलात आणि फारसा फरक पडला नाही तर अ‍ॅम्प खराब आहे असं नाही, गणितच तसं आहे. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल येतात. ९० चा स्पीकर आणि ९६ चा स्पीकर यांत चौपट वॉटइतका फरक आहे. हा आकडा बहुतेक वेळा डब्यावर नसतो, मग निदान जास्तीत जास्त एसपीएल (आवाजाची पातळी, डेसिबलमध्ये) किती लिहिलाय ते बघा. शिवाय पीक (क्षणभराचे) आणि कंटिन्युअस (सलग मिळणारे) वॉट यांत फरक करा. यामाहाच्या डीबीआर१० या पॉवर्ड स्पीकरवर ७०० वॉट लिहिलेलं असतं ते पीक आहे, कंटिन्युअस ३२५ आहे. कंपनी दोन्ही आकडे देते, वाचायचं आपण. एका मॉडेलचा पीक आणि दुसऱ्याचा कंटिन्युअस अशी तुलना करून निर्णय घेतलेले लोक मी पाहिलेत.

कीबोर्डला गिटारपेक्षा जास्त वॉट का लागतात, हाही प्रश्न येतो. डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारचा आवाज सपाट असतो, सरासरी आणि टोक जवळजवळ. पियानोची हातोडी तारेवर पडते तो पहिला क्षण सरासरीपेक्षा खूप वर उडी मारतो. ती उडी १० डेसिबलची धरली तरी त्या क्षणापुरते दहापट वॉट लागतात. म्हणजे सरासरी १० वॉटवर वाजणारा पियानो ठोक्याच्या क्षणी १०० मागतो. गिटारवाल्याच्या ३० वॉटच्या अ‍ॅम्पने छप्पर उडतं आणि तुमचा ३० वॉटचा कीबोर्ड अ‍ॅम्प ठोक्याला फाटतो, त्याचं कारण हे. आणि गिटारवाल्याला अ‍ॅम्प थोडा फाटलेला हवाच असतो, आपल्याला नको असतो.

गिटारचाच अ‍ॅम्प वापरू का, असं विचारणाऱ्यांसाठी : पियानोला नको. गिटारच्या स्पीकरला ट्विटर (वरच्या सुरांचा वेगळा छोटा स्पीकर) नसतो, साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर तो झपाट्याने पडतो, त्यामुळे पियानोवर घोंगडं टाकल्यासारखं होतं. ८८ पट्ट्यांच्या कीबोर्डचा सगळ्यात खालचा सूर २७.५ हर्ट्झ आणि सगळ्यात वरचा ४१८६, आणि त्याच्या वर हार्मोनिक्स वेगळे. ऱ्होड्ससारखा इलेक्ट्रिक पियानो किंवा क्लॅव्हिनेट वाजवायचं असेल तर मात्र गिटार अ‍ॅम्प सुंदर वाटतो, ती वाद्यं तशाच अ‍ॅम्पमधून ऐकायची सवय कानाला आहे. तुमच्या यादीत नव्वद टक्के तेच असेल तर बिनधास्त वापरा.

फाटण्याचं आणखी एक कारण, आणि छोट्या अ‍ॅम्पमध्ये हेच सगळ्यात जास्त, म्हणजे डावा हात. साडेसहा किंवा आठ इंची स्पीकर ४० हर्ट्झला काय करणार? स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) नुसता पुढे-मागे धापा टाकतो, आवाज येत नाही पण ताकद सगळी तिथे जाते, आणि त्याच वेळी उजव्या हाताचे सूरही थरथरतात कारण कोन एकच आहे. लो-कट (खालचे सूर कापायची सोय) असेल तर ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास लावा. नसेल तर बासची कळ कमी करा. लोकांना ते पटत नाही, आवाज आधीच लहान आणि त्यात बास कमी? हो. करून बघा, तोच अ‍ॅम्प अचानक मोकळा होतो. आणि ग्रुपमध्ये बास गिटार असेल तर त्याचा खालचा सूर ४१ हर्ट्झपासून सुरू होतो, तो भाग त्याचा आहे, डाव्या हाताने तिथे ठोकत बसलात तर दोघांचाही चिखल होतो. डावा हात एक सप्तक वर घ्या किंवा सरळ मांडीवर ठेवा.

कोंदट आवाजाचं मूळ बहुतेक वेळा जागेत असतं. अ‍ॅम्प जमिनीवर, मागे भिंत, त्यात कोपरा, आणि तोंड तुमच्या गुडघ्यांकडे. जमीन, भिंत आणि कोपरा मिळून खर्ज फुगवतात, आणि वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात म्हणून ते गुडघ्यांना लागतात, कानाला नाही. मग वाजवणाऱ्याला वाटतं ट्रेबल नाही, तो ट्रेबल वाढवतो, आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा, मागे कलता करा, किंवा स्टँडवर चढवा, आणि कोपऱ्यातून मीटरभर तरी बाहेर काढा. एका कार्यक्रमात मी फक्त एवढंच केलं, एकही कळ न फिरवता, आणि गायिका म्हणाली आज पहिल्यांदा तुझे कॉर्ड ऐकू आले. आता मी प्लॅस्टिकचा घडीचा स्टूल अ‍ॅम्पसोबतच नेतो.

घरच्या आणि कार्यक्रमाच्या आवाजात फरक पडण्याचं दुसरं कारण आपल्या कानातच आहे. हळू आवाजात कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून मांडलंय. रात्री घरी हळू आवाजात पॅच बनवताना आपण नकळत बास आणि ट्रेबल वाढवून ठेवतो, मग मोठ्या आवाजात तोच पॅच खाली ढब्ब आणि वर टोचरा होतो, मधला भाग मात्र गायबच. म्हणून पॅच एकदा तरी कार्यक्रमाच्या आवाजात, त्याच अ‍ॅम्पवर, उभं राहून दुरुस्त करा. २०० ते ४०० हर्ट्झमध्ये थोडं कापा, २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये किंचित वाढवा, रिव्हर्ब निम्मा करा कारण खोलीचा स्वतःचा रिव्हर्ब असतोच. ड्रममध्ये दबलेला पियानो बऱ्याचदा एवढ्यावर वर येतो. ऐकू येत नाही म्हणून पट्ट्या बडवणंही थांबतं, बोटं आणि मनगटं वाचतात, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण न ऐकता जोर लावून वाजवायची सवय एकदा लागली की ती जायला वर्षं लागतात.

गुणगुण थोडक्यात. खालच्या सुरात सलग घुम्म येत असेल, ५० किंवा ६० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतलं, तर बहुतेक ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट) असतो. कीबोर्ड, अ‍ॅम्प, लॅपटॉप सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर किरकिर थांबली तर चोर सापडला. तरी राहिलं तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल साउंड सिस्टिमला द्यायचा छोटा डबा) आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या वायरमधलं ग्राउंड तोडणारं) बटण. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू किंवा झाकू नका, हात धातूच्या माइकला आणि कीबोर्डला एकदम लागला तर जिवावर बेतू शकतं.

हे सगळं झालं आणि तरी अ‍ॅम्प बदलायचाच असेल तर माझं मत सरळ सांगतो. एकटे किंवा गायकासोबत दोघे, ड्रम नाहीत, अशा ठिकाणी साडेसहा-आठ इंचीवाले छोटे अ‍ॅम्प पुरतात. रोलंडचा केसी-२२० आहे, साडेसहा इंचाचे दोन स्पीकर, ३० वॉट, स्टिरिओ, आठ डबल-ए सेलवरही चालतो, आणि स्टिरिओ असल्यामुळे वरची मोनोची सगळी भानगडच टळते. पण ड्रमसमोर त्याच्याकडून अपेक्षा करू नका, तो त्या कामाचा नाही. ड्रमसोबत केसी-२०० सारखा, बारा इंच आणि १०० वॉट, हा सुरुवातीचा टप्पा धरा.

मी स्वतः मात्र कीबोर्ड अ‍ॅम्पऐवजी आठ किंवा दहा इंची पॉवर्ड स्पीकरकडे वळलो आणि ड्रमसोबत वाजवणाऱ्यांना तेच सुचवतो. डीबीआर१० साडेदहा किलोचा आहे, एका हातात येतो, खाली ३५ मिलिमीटरच्या पाइपचं भोक असतं म्हणून स्टँडवर चढतो, आडवा ठेवून मॉनिटरसारखा तोंडाकडे वळवता येतो, आणि पुढे कधी दुसरा घेतला की खरा स्टिरिओ. तोटा असा की यावर इनपुट कमी आणि चार-पाच कळांचा ईक्यू नाही, दोन कीबोर्ड असतील तर छोटा मिक्सर सोबत लागतो. कीबोर्ड अ‍ॅम्पमध्ये तीन-चार चॅनल आतच मिळतात, वायरींचा पसारा कमी, हा त्याचा खरा फायदा. रोज वेगळ्या ठिकाणी पटापट मांडामांड करणाऱ्याला तो जास्त सोयीचा पडू शकतो.

हॉलमध्ये मोठी साउंड सिस्टिम असेल तर तुमचा अ‍ॅम्प फक्त तुमच्या कानासाठी आहे, मग वॉटपेक्षा त्याचा आउटपुट महत्त्वाचा. मास्टर फिरवल्यावर साउंडवाल्याकडे जाणारा सिग्नल बदलतो का, हे घेण्याआधी विचारा आणि करूनही बघा. बदलत असेल तर दर वेळी तुम्ही स्वतःचा आवाज वाढवलात की समोर बसलेल्यांचाही वाढणार आणि साउंडवाला वैतागणार. अशा वेळी अ‍ॅम्पच्या आधीच डीआय बॉक्स लावून सिग्नल फोडून द्यावा.

आणि दुकानात जाताना स्वतःचा कीबोर्ड आणि स्वतःची वायर घेऊन जा, तिथला कीबोर्ड नको. जो पॅच सगळ्यात जास्त वापरता तो लावा, ड्रमच्या आवाजावर जायला लागेल एवढा मोठा करा, दुकानदार बघत राहिला तरी चालेल, आणि मधल्या सप्तकात एक साधा तीन सुरांचा कॉर्ड जोरात मारून धरून ठेवा. पहिला ठोका स्वच्छ आला पाहिजे आणि मागे विरत जाताना तिन्ही सूर वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. मग तसाच धरून डाव्या हाताने खालच्या दोन सप्तकांतला एक सूर द्या. वरचा कॉर्ड थरथरला तर तो अ‍ॅम्प तिथेच ठेवून पुढचा लावायला सांगा.